काळ्यापांढऱ्या फोनमध्ये ते बरे दिसत होते

मैत्रिणींनो, पंधरा दिवसांपूर्वी मीच इथे मिरवत लिहिलं होतं, की फोनच्या स्क्रीनचे रंग बंद केले आणि माझं रील बघणं सुटलं. सगळं काळंपांढरं दिसलं की मनच लागत नाही, तुम्हीही करून बघा. आज ती पोस्ट माझ्याच्याने वाचवत नाही.

आमचे हे कुवेतला कंपनीत आहेत, मी इथे रोह्याला. रोज व्हिडिओ कॉल असतो. गेल्या आठवड्यात म्हणाले, "जेवण जात नाय. रूमवाला बोलतो, डोळे पिवळे झालेत. बघ जरा."

त्यांनी डोळे कॅमेऱ्याजवळ आणले. मी भाकऱ्या थापता थापता बघितलं आणि म्हटलं, "काय नाय झालंय. उगाच शंका घेता."

रंग बंद आहेत हे डोक्यातच आलं नाही. माझ्या शब्दावर ते आठवडाभर ड्युटीला जात राहिले.

आज सकाळी वरसेहून नणंद आली. तिच्या फोनवर त्यांचा कॉल आला आणि ती ओरडलीच, "भाबी, भायचे डोळे बघ गो! हळदीसारखे पिवळे हायत!"

संध्याकाळी त्यांचा दवाखान्यातून फोन आला. कावीळ आहे, ॲडमिट करून घेतलंय. मी रडायला लागले, तर मलाच समजावत म्हणाले, "तू बघितलं होतंस ना, म्हणून मी निर्धास्त होतो."

मी फोनचे रंग चालू केलेत. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?