पार्वतीबाईंच्या दाढेतली चौथी नळी

माझ्या आजोबांनी पार्वतीबाईंची एक चांगली दाढ वाया घालवली होती.

आज आजोबांचा स्मृतिदिन. त्यांचे गुण बाकीचे सांगतील, मी ही चूक सांगते. ती त्यांनीच मला सांगितली. तेव्हा मी दंतवैद्यकीच्या बीडीएसला होते, आणि रूट कॅनॉलमधलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता.

गोष्ट १९३०च्या आसपासची. आजोबांनी रत्नागिरीत नुकताच दवाखाना थाटला होता. एक्स-रे नाही. पायाने चालवायचं ड्रिल, बारीक तारा आणि भरपूर कॉन्फिडन्स. (तो आमच्या घराण्यातच आहे.)

पार्वतीबाई मिरकरवाड्यातून मासळी विकायला यायच्या. वरची डावी दाढ ठणकत होती.

"काढायची नाही, वाचवू," आजोबा म्हणाले.

या दाढेला मुळं तीन, आणि पुस्तकाप्रमाणे प्रत्येकात एक नळी. आजोबांनी तिन्ही मुळांतल्या नळ्या साफ केल्या, भरल्या.

ठणका थांबेना.

"डाक्टर, तुमी बरी झाली म्हनताव. मग ही ठणकताय कशी?"

महिनाभर फेऱ्या मारून शेवटी दाढ काढावीच लागली.

तेव्हा आमच्याकडे काढलेला दात कुणी दवाखान्यात ठेवत नसे. कुणाच्या हाती लागला तर करणी होईल, ही भीती. लोक पुडीत बांधून न्यायचे आणि खाडीत टाकायचे. त्यामुळे दाढ आतून कशी असते, हे आजोबांनी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं.

त्या दिवशी त्यांनी हात जोडले.

"पार्वतीबाई, माझं कुठे चुकलं ते बघायचंय. दाढ मला द्याल?"

सोबतची बाई ओरडली, "गो, देऊ नको!"

पार्वतीबाईंनी दाढ टेबलावर ठेवली. "ठेवा. पन दुसऱ्या कुनाची अशी घालवू नका."

आजोबांनी ती चक्क देवघरातल्या सहाणेवर घासली. (आजीने काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

पुढच्या दातांकडचं मूळ घासून सपाट झालं तेव्हा त्यात दोन टिंबं दिसली. एकाच मुळात दोन नळ्या! दुसरी केसाएवढी. तीच साफ करायची राहिली होती.

दोन वर्षांनी पार्वतीबाईंची उजवी दाढ ठणकायला लागली.

"ही पन गेली तर मी भाकरी कुस्करून खायची काय वो?"

आजोबांनी ही दाढ उघडली. तीन नळ्या मिळाल्या तरी ते थांबले नाहीत. दोन बैठका नुसती शोधाशोध. तिसऱ्या बैठकीत तार चौथीत शिरली.

ठणका गेला.

मग पार्वतीबाईंनी मासळीबाजारभर सांगितलं, "मी दिली माजी दाढ, मना काय झाला? तुमी पन द्या!"

आणि लोक खरंच द्यायला लागले. आजोबा त्या दाढांवर शिकत गेले.

आज माझ्याकडे मायक्रोस्कोप आहे. तरी तीन नळ्या मिळाल्या की मी चौथी शोधतेच. पेशंट कुरकुरतात. कुरकुरू देत.

पार्वतीबाई गेल्या तेव्हा मी शाळेत होते. त्यांची सून सांगायला आली होती.

"डाक्टर, म्हातारी गेली. परवापर्यंत त्याच उजव्या दाढेनं चावून जेवत होती."

आजोबा खाली बसले आणि रडले. दाढेसाठी कुणी रडतं का, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आजोबा, चूक लपवली नाहीत, थँक यू.

पार्वतीबाई, ज्याने तुमची दाढ घालवली त्याच्याच हातात ती दिलीत. तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

दोघांनाही माझा वाकून नमस्कार.