नडगी सांधली तेव्हा

काल नातसुनेने तिळाचं तेल गरम केलं आणि त्या वासासरशी मला रिठद गावातलं आमचं अंगण दिसलं. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. मी नवी सून, बैलगाडीवरून पडून नडगी मोडलेली. "लंगडी सून काय कामाची? पोराचं दुसरं लगन लाव," असं चुलतसासू सासूबाईंना म्हणाली होती. पायाला बांधलेल्या बांबूच्या कामट्या सुटल्यापासून सासूबाई रोज तेल चोळत. "हाड जुळलं हाये, आता भेव सोड," म्हणत.

एका सकाळी चुलतसासू दारात आली. मी काठी भिंतीला टेकवली आणि पाण्याचा तांब्या घेऊन अंगण ओलांडलं. तेव्हा ती जीत मला माझ्या एकटीची वाटली; आज सासूबाईंचे तेलकट हात आठवतात. सासूबाई ओरडल्या, "पाह्य, माही सून चालून राह्यली! आता सांग, कोनाचं लगन लावू?"

चुलतसासूने माझ्या हातून तांब्या घेतला आणि ती पाणी प्यायली.