सोनाक्काच्या कानापर्यंत: निपाणी, बोरगाव, बेळगाव

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मामेभावाने घरच्या ग्रुपवर बोरगावच्या एका लग्नाचे चाळीसेक फोटो टाकले. मी नेहमीप्रमाणे अंगठा दाखवून मोकळी झाले. आई मात्र एकेक फोटो उघडून बसली. फोनमधलं एकच काम तिला मनापासून आवडतं, ते म्हणजे दोन बोटांनी चित्र ताणून मोठं करणं. औषधाच्या पट्टीवरची तारीख असो की भाचीच्या गळ्यातला हार, ती ताणून बघते. त्या दिवशी तिने जेवणाची पंगत ताणली, अजून ताणली आणि एकदम म्हणाली, "ही आमची सोनाक्का हाय."

मला तिथे पांढऱ्या केसांची एक अंधूक बाई दिसत होती.

"कशावरून गं?"

"करंगळी बघ की. वाटी धरलीया आन् करंगळी ताठ. पानं कापताना कातरीनं शीर तुटलती तिची. तवापास्नं वाकत न्हाय."

पुण्यातल्या सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली माझी आई एरवी आमच्यासारखंच बोलते. तोंडातून निपाणी निघाली की समजायचं, प्रकरण आतलं आहे. सोनाक्का म्हणजे विड्या वळायच्या शेडमधली तिची सोबतीण, चार वर्षांनी मोठी. मी लहानपणापासून नुसतं नाव ऐकत आले होते.

मामेभावाला फोन केला, तर तो म्हणाला, "नवरीकडचं कुणीतरी असंल. मला काय माहीत न्हाय बाबा." कुणाकडून तरी तिचा नंबर काढ, असं मी त्याला म्हणणार तोच आईने हाताने थांबवलं. "फोनवर न्हाय. फोनवर ती नगं म्हणाली तर? मला न्हे तिकडं." नको का म्हणेल, ते मात्र तिने सांगितलं नाही.

पुढच्याच शुक्रवारी सकाळी सहाला आम्ही गाडी काढली. पुण्याहून निपाणी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. साताऱ्यापुढे रस्त्याची कामं चाललेली असतात, म्हणून थांबे धरून सहा तास हाताशी ठेवा. टोल आपोआप कापला जातो आणि फोन दर वेळी टुणकन वाजतो. कागल मागे पडलं की पाट्यांची लिपी बदलते, आणि आमच्या गाडीत आईची भाषासुद्धा बदलली. कोगनोळीपुढे ती काच खाली करून वास घेत होती.

"तंबाखू येतोय?" मी विचारलं.

"न्हाय. डिझेल येतंय," ती म्हणाली आणि काच वर केली.

निपाणीत स्टँडजवळ लॉजवर दोघींची खोली बाराशेला मिळाली. नळाजवळ कन्नड पाटी होती. मी फोनचा कॅमेरा तिच्यावर धरला, तर त्याने मराठी करून दिलं, 'पाणी सांभाळून मारा'. गंमत म्हणून मूळ कन्नड मोठ्याने वाचायला लावलं. आई हसायला लागली. "पाणी जपून वापरा म्हणतंय गं ते." मराठी शाळेत शिकल्यामुळे तिला कन्नड वाचता येत नाही, पण समजतं सगळं. मग दोन दिवस आमचं हेच चाललं. फोन अक्षरं वाचायचा आणि आई अर्थ सांगायची. या भागात जाणार असाल तर भाषांतराचं अॅप जरूर ठेवा, पण शेजारी अशी एखादी आई असेल तर तिचंच ऐका. तसं मराठीवरही सगळीकडे भागतंच.

दुपारी आम्ही तिच्या जुन्या गल्लीत गेलो. बुद्धविहार आता दुमजली झालाय आणि पोरं वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. विड्यांच्या शेडच्या जागी मंगल कार्यालय आहे आणि खाली मोबाईलच्या कव्हरांची दुकानं. आई त्या दुकानांपुढे उभी राहून जागा मोजत होती. "हितं दार. हितं मालकाची गादी. ह्या खांबाला टेकून सोनाक्का, आन् तिच्या मांडीला मांडी लावून मी. मांडीवर सूप, त्यात पानं आन् तंबाखू. ती गोष्टी सांगायची, आन् आमची हातं आपोआप पळायची." कव्हरवाल्याने, "काय पायजे, आक्का?" म्हणून विचारलं. आईने उगीचच एक कव्हर घेतलं. शेजारच्या गाड्यावर चहा प्यालो. पैसे फोनवरून दिले, तर पैसे आल्याचं सांगणारा डबा कन्नडमध्ये बोलला. "वीस रुपये आलं म्हणतोय," आईने त्या चहावाल्यालाच मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "व्हय मावशी, मलाबी कळतंय की!"

शनिवारी सकाळी बोरगाव. निपाणीहून वीसेक किलोमीटर, दोन्ही बाजूंना ऊस. नकाशाने आम्हाला मुख्य रस्ता सोडून एका पाणंदीत घातलं आणि ती पाणंद थेट उसाच्या फडाशी संपली. पाऊण किलोमीटर गाडी उलटी घ्यावी लागली. या गावांत शेवटचे दोन किलोमीटर माणसांना विचारा. आम्ही पिठाच्या गिरणीशी विचारलं. गिरणीतल्या म्हाताऱ्या आप्पांनी माझा फोन हातात घेतला, फोटो जवळ नेला, लांब नेला आणि म्हणाले, "ही सोनाबाई न्हवं का! ही हितं ऱ्हात न्हाय. पुतणीच्या लग्नाला आलती. बेळगावात असती लेकीकडं."

त्यांनीच लेकीचा नंबर मिळवून दिला. आईने पुन्हा नको म्हणून मान हलवली, पण या वेळी मी ऐकलं नाही. गिरणीच्या बाहेर येऊन नंबर लावला. लेकीचं नाव विद्या, बेळगावात हायस्कूलला शिक्षिका. मी निपाणीच्या शालनची मुलगी, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "शालन म्हणजे शालूमावशी का? या ना, आजच या. फक्त एक सांगते, आईला ऐकू येत नाही आता. मशीन घेतलंय, पण ते शिट्टी मारतं म्हणून तिनं डब्यात घालून ठेवलंय."

मी आईला हे सांगितलं. परत निपाणी धरून आम्ही बेळगावच्या रस्त्याला लागलो. निपाणीपासून दीड तास, रस्ता उत्तम. तवंदी घाट चढून वर आलो तेव्हा आई म्हणाली, "जरा थांबीव गाडी."

तिथे, कठड्याजवळ उभं राहून तिने जे सांगितलं, ते मी तिच्या परवानगीने लिहितेय.

दहावीच्या परीक्षेचे दिवस. शेडमध्ये खाडा केला की जागा जायची. सोनाक्काने आठ दिवस स्वतःचं सूप आणि आईचं सूप, दोन्ही सांभाळलं. बोटं चिरली, पण आईची जागा राखली. आई पास झाली, नर्सिंगला कोल्हापूरला गेली. पत्र लिहावं तर सोनाक्काला वाचता येत नव्हतं. दुसऱ्याने वाचून दाखवायचं पत्र काय लिहिणार, म्हणून तेही राहिलं. मग पाच-सहा वर्षांनी, लग्न ठरल्यावर आई सासरच्या बायकांबरोबर निपाणीच्या बाजारात गेली होती. समोरून डोक्यावर पानांचा भारा घेतलेली सोनाक्का आली. हात तंबाखूने काळे, लुगड्याला धूळ. तिने आईला बघितलं आणि हसली.

"आन् मी मान फिरवली," आई म्हणाली. "बांगड्यांच्या दुकानात शिरले. सासूबाईंनी विचारलंतं, ती कोण हसत होती? मी म्हटलं, काय की."

घाटातून ट्रक जात होते. मी तिला पाणी दिलं.

बेळगावात वडगाव भागात विद्याचं घर आहे, वरच्या मजल्यावर. आम्ही पोचलो तेव्हा सोनाक्का पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. आई दारात उभी राहिली. त्यांनी वर बघितलं, पाच-दहा सेकंद बघितलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "शाले!"

मेथी सगळी जमिनीवर पडली. दोघी एकमेकींना धरून रडल्या. ते झाल्यावर मात्र अवघड झालं. आई म्हणाली, "कशी हैस?" सोनाक्का म्हणाल्या, "व्हय, बसनं आलं तर लई येळ लागतो." जावई ओरडून सांगू लागले. शेजारीण आली, तीही ओरडू लागली. आईच्या नोकरीपासून गुडघ्यापर्यंत सगळी माहिती ओरडून दिली गेली. भाकरी, भरली वांगी, वर गोड म्हणून कुंदा, असं जेवण झालं. आई हळूहळू गप्प होत गेली. शेवटी तिने मला गॅलरीत ओढलं.

"मला तिला ते सांगायचंय गं. पर जावई हाय, शेजारीण हाय. ओरडून माफी कशी मागायची?"

मी औषधाचं दुकान चालवते. समोर रोज कमी ऐकू येणारी म्हातारी माणसं उभी असतात, म्हणून मला एक गोष्ट माहीत होती. बऱ्याच फोनमध्ये आवाज वाढवून थेट कानात पोचवायची सोय असते. सेटिंगमध्ये सुलभतेच्या भागात सापडते. वायरचे इअरफोन लागतात, बिनवायरचे नको, त्यात आवाज उशिरा पोचतो. हे कानाच्या मशीनला पर्याय नाही, आणि आवाज नेहमी कमीपासून सुरू करायचा. पण समोरासमोरच्या चार शब्दांना चालतं.

माझ्या लेकीचे इअरफोन पर्समध्ये होते. मी सोनाक्कांच्या कानात घातले आणि फोन आईच्या हातात दिला. "तोंडाजवळ धर. साधं बोल."

आई म्हणाली, "आक्का."

सोनाक्का दचकल्या. दोन्ही हात कानांवर गेले. "आगं बया! तुजा आवाज म्हातारीचा झालाय की गं!"

मी विद्याला खूण केली आणि आम्ही सगळ्यांना स्वयंपाकघरात नेलं. आई बाहेर काय बोलली ते कुणालाच कळलं नाही, इतकी ती हळू बोलत होती. पण सोनाक्कांना हळू बोलण्याची सवयच राहिलेली नाही. त्यांची बाजू घरभर ऐकू येत होती.

"कंदी?"

मग शांतता.

"बाजारात? बांगडीवाल्याच्या म्होरं? व्हय व्हय."

विद्या माझ्याकडे बघत होती. मी ओट्याकडे.

"आठवतंय की! न आठवायला काय झालं? राग आलता मला. लई आलता. दोन वर्सं तुजं नाव घेतलं न्हाय." एवढं बोलून त्या थांबल्या. "मग ही विद्या झाली. पोरगी, चूल, सूप, राग धराय हात कुठं मोकळं हुतं? सुटला आपसूक."

आई काहीतरी म्हणाली असावी.

"रडू नगं. आगं, ह्या पोरीला शाळंला घालताना मास्तर म्हटला, कशाला शिकिवतीस? मी म्हटलं, आमची शाली नर्स झाली, मी डोळ्यांनी बघितलीया. ऐट बघितलीया तिची बाजारात!"

विद्याने पदर डोळ्यांना लावला. जावई विनाकारण भांडी पुसू लागले. आम्ही परत बाहेर गेलो तेव्हा दोघी पलंगावर मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. वायर दोघींच्या मधे लोंबत होती आणि सोनाक्का आईला सांगत होत्या, "आता जरा हळू बोल बाई, कान दुखाय लागला."

रविवारी सकाळी किल्ला बघितला, तलावाकाठी फिरलो, घरासाठी अर्धा किलो कुंदा घेतला आणि दुपारी निघालो. काकतीपाशी रस्ता मोकळा मिळाला. आई पुण्यापर्यंत झोपली.

याला दोन महिने झाले. विद्याने सोनाक्कांना कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन मशीन नीट बसवून घेतलं. शिट्टी मारत नाही म्हणे आता. एक जुना फोनही दिलाय. त्यात हिरवं बटण दाबून बोलायचं, एवढं त्यांना जमतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला आईने अखेर पत्रं पाठवायला सुरुवात केली, फोनवर बोलून रेकॉर्ड केलेली. उत्तरं चार-चार मिनिटांची येतात. त्यात कुकरच्या शिट्ट्या असतात, भाजीवाल्याची हाक असते आणि अधूनमधून सोनाक्का फोन सुरू आहे हे विसरून नातवाला रागावतात.

परवा आईचा फोन अडून बसला. जागा संपली होती. प्रवासातले सगळे फोटो तिच्याच फोनमध्ये होते, कारण माझा फोन नकाशात अडकलेला असायचा. मी म्हटलं, "जुने निरोप काढून टाकूया का? ऐकून झालेत ना?"

"ते न्हाय," आई म्हणाली. "तुझा तो किल्ला काढ. तलाव काढ. सगळं काढ."

मी सगळे काढले. तर वाचकहो, या लेखासोबत फोटो नाहीत, त्याचं कारण हे.