मालकाची सही

मालकांनी कागद माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "वाच. येतं का वाचायला, का नुसतीच इंग्लिश शाळेची हौस?"

ओट्यावर चार माणसं चहा पीत होती. मी खाली अंगणात उभी, सहा वर्षांच्या पोरीचा हात धरून. तिचा नंबर लागला होता. वाशिंदकडच्या खाजगी शाळेत, गरिबांच्या कोट्यातून, फी सरकार भरणार. फक्त राहायचा पुरावा पाहिजे होता, शनिवारच्या आत. माझ्या आधारवर मुरबाडचा, माहेरचा पत्ता; नवऱ्याचं आधारच नाय. इथली झोपडी मालकांच्या जागेत. शहापूरच्या हापिसातले साहेब म्हणाले होते, "जागामालकाचं पत्र आण." ते टाइप करून आणलं, सही तेवढी बाकी.

मी चौथी शिकलेय. अडखळत वाचलं. एकजण म्हणाला, "मॅडम, जोरात." माणसं हसली. माझे कान तापले. पोर माझ्या तोंडाकडं बघत होती, म्हणून थांबले नाय.

"सदर कुटुंब माझ्या जागेत चाळीस वर्षांपासून राहत आहे."

मालक हसायचे थांबले.

"ह्यावर सही दिली तर उद्या जागा मागशील. चल, नीघ."

काय सांगू. सासऱ्यानं, नवऱ्यानं, मी, आमी सगळ्यांनी त्यांचं भात लावलं, गवत कापलं, गोठ्यातलं शेण काढलं. जागा मागायचं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. ते त्यांनीच घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराशी कुंपणाचे सिमेंटचे खांब उतरले. तारेची भेंडोळी पण. ट्रॅक्टरवाला आमच्याच वाडीचा, त्यानं मान वर केली नाय. नवरा म्हणाला, "पाय धर जाऊन. शाळेपायी घर जाईल." मला पण भ्या वाटलं. पण पाय नाय धरले.

शनिवार गेला. पोरीची जागा दुसऱ्याला गेली. तो राग अजून येतो, भाकर थापताना पण येतो.

सोमवारी तोच बिनसहीचा कागद घेऊन तहसीलला गेले. राहती जागा आमच्या नावावर व्हावी म्हणून अर्ज दिला, पोच घेतली. शिपाई हळूच म्हणाला, "मालक काय करतील ठाव हाय ना, गो?"

"खांब आलेत," मी म्हटलं.

ते अजून दाराशी पडलेत. रोवायला माणसं येतील तेव्हा मी उंबऱ्यावर बसलेली असेन. मला उचलून न्यावं लागेल. पोर तिथं नसेल. ती झेडपीच्या शाळेत असेल, न अडखळता वाचायला शिकत.