कुरण गोठू नये म्हणून

आमच्या कंपूत एक नियम आहे. ज्याची फजिती झाली त्याने तो किस्सा स्वतः सांगायचा नाही. बाकीच्यांनी सांगायचा आणि त्याने मध्ये मध्ये "असं काही झालं नव्हतं" एवढंच म्हणायचं. त्यामुळे आमचे किस्से मरत नाहीत. दर जेवणाला त्यांच्यावर एकेक थर चढत जातो आणि शेवटी ज्याचा किस्सा त्यालाच तो नवा वाटायला लागतो.

उन्हाळ्यात नेदरलँड्समधल्या आमच्या न्यूनेनमध्ये कोणाची काही फजिती होत नाही. एवढंसं शांत गाव, करायचं काय? पण बर्फ पडला की आठवड्याला एक तरी ठरलेली. दोन हजार पाच-सहाचा हिवाळा तर भलताच उदार होता. कंपूत मुख्य माणसं चार: माझा नवरा अविनाश, त्याच्या ऑफिसातला डोंबिवलीचा लग्नाळू मंदार, नागपूरचे डॉक्टर कांबळे, म्हणजे फिजिक्सचे डॉक्टर, आणि मी. मी टेस्टिंगमध्ये आहे. लोकांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो.

* * *

सुरुवात मंदारने केली.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला तेव्हा ऑफिसातली डच मंडळी खिडकीकडे बघून "हं" म्हणाली आणि कामाला लागली. आपली मंडळी मीटिंग सोडून पार्किंगमध्ये. मंदारला विवाहमंडळाच्या साइटवर टाकायला फोटो हवा होता, आणि तो जॅकेट न घालता हवा होता, कारण नवा शर्ट दिसायला पाहिजे. अविनाशने त्याचे सतरा फोटो काढले. प्रत्येक फोटोत मंदारचा शर्ट छान आणि ओठ निळे.

त्यातल्या त्यात बरा फोटो नाशिकच्या एका स्थळाला गेला. आठवड्याने मुलीच्या वडिलांची ईमेल आली. "मुलगा पसंत आहे. पण केस इतक्या लवकर पांढरे कशाने झाले?"

मंदारने घाईघाईने घरात सोफ्यावर बसून काढलेला दुसरा फोटो पाठवला, काळ्याभोर केसांचा. त्याला त्याच दिवशी उत्तर आलं. "हे धाकटे बंधू का? यांचं कुठे जमलंय का?"

* * *

आता आमच्या घरची गोष्ट, कारण त्या हिवाळ्यात आमची इज्जत पणाला लागली होती.

अविनाशला टीव्हीवर बर्फावरच्या स्केटिंगच्या शर्यती बघायचा नाद आहे. बघतो म्हणजे सोफ्यावर पडून दोष काढतो. "वळताना आणखी वाकायला हवं होतं. गेला ह्याचा नंबर." एकदा आमची सात वर्षांची इरा शेजारी बसली होती. तिने विचारलं, तुला येतं का हे? अविनाश म्हणाला, "येतं म्हणजे काय, शाळेत असताना रोज करायचो."

खरी हकीकत मला सासूबाईंकडून माहीत होती. चुलतभावाचा एक रोलर स्केट होता. एक म्हणजे एकच, डाव्या पायाचा. त्यावरून हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा गेला आणि वॉचमनच्या खुर्चीवर आदळला. संपली करिअर.

इराला हे कोण सांगणार? डिसेंबरात शाळेतून कागद आला. गावाबाहेरच्या कुरणात इथे दर हिवाळ्यात पाणी सोडून ठेवतात. ते नीट गोठलं की वर्गाला एका सकाळी तिथे नेणार. नवशिक्या मुलांना शिकवायला स्केटिंग येणारे पालक हवेत. कागदावर इराने बाबांचं नाव आधीच लिहून टाकलं होतं. इतकंच नाही, वर्गात उभं राहून सांगितलंही होतं.

"तिला खरं सांगून टाक," मी म्हटलं.

"सांगतो ना. पण आधी गोठू तर दे. नेदरलँड्स आहे, सायबेरिया नाही."

तेव्हापासून घरात दोन पक्ष झाले. इरा सकाळी पायजम्यातच खाली यायची आणि खिडकीबाहेरच्या थर्मामीटरकडे बघून थंडी मागायची. तिच्या मागून अविनाश यायचा आणि पाऊस मागायचा. ग्लोबल वॉर्मिंग उगाच लांबतंय अशी तक्रार करणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

* * *

काळजीने माणसाचं लक्ष उडतं ते असं.

जानेवारीतल्या एका सकाळी वीतभर बर्फ पडलेला. अविनाश साडेसातला गाडी साफ करायला बाहेर पडला. बर्फ खरवडायचं ते प्लास्टिकचं पातं आम्ही दोन वर्षं "आणायचंय" म्हणत होतो, म्हणून माझा कालथा घेऊन गेला. अर्धा तास खपला. काचा, टप, बॉनेट, दिवे, आरसेसुद्धा. मग किल्ली लावली. लागेना. कुलूप गोठलं म्हणून त्यावर फुंकरी मारत बसला. तेव्हा कुठे त्याला आत मागच्या सीटवर कुत्र्याची गादी दिसली.

गाडी शेजारच्या विमची होती. रिटायर्ड गृहस्थ. हातात कॉफी घेऊन ते खिडकीत उभे होते, आणि पहिल्यापासून उभे होते. त्यांनी खिडकी उघडली.

"मी सांगणारच होतो," ते म्हणाले, "पण तू फार मन लावून करत होतास."

अविनाश ओशाळून हसला आणि आमच्या गाडीकडे वळला. मागून विमनी विचारलं, "उद्याही साडेसातलाच ना?"

* * *

ह्याच थंडीत कांबळ्यांच्या गाडीचे दरवाजे चिकटले. मी त्यांना म्हटलं, सायकलने जा. त्या दिवशी त्यांचं मोठं प्रेझेंटेशन होतं, त्यामुळे सूट-टाय.

"काय टेन्शन घेऊन राहिले वहिनी? गरम पाणी टाकलं की झालं. साधं फिजिक्स आहे."

त्यांनी किटलीभर उकळतं पाणी चारही दरवाजांवर फिरवून ओतलं आणि बॅग आणायला घरात गेले. बाहेर उणे नऊ. परत येईपर्यंत गाडीला सगळीकडून काचेसारखं कवच चढलेलं. उघडत होती फक्त डिकी. कांबळे डिकीतून आत शिरले, मागच्या सीटवरून सरपटत पुढे गेले, डिकी आतून लागेना म्हणून मफलरने बांधली आणि ऑफिस गाठलं.

पोचल्यावरही दरवाजे ढिम्म. मग आले तसेच उलटे निघाले. आर्नहेमहून खास प्रेझेंटेशनसाठी आलेले डायरेक्टर नेमके तेव्हा गाडी लावत होते. समोरच्या छोट्या गाडीची डिकी वर झाली, आधी एक लॅपटॉप बाहेर आला, मग बूट, मग टायसकट डॉक्टर कांबळे. डायरेक्टरांनी शांतपणे त्यांच्याशी हात मिळवला. मग वाकून डिकीत बघितलं आणि विचारलं, "आत आणखी किती जण आहेत?"

* * *

पुढचा किस्सा माझा आहे, म्हणजे मला सांगायची परवानगी नाही. पण मी नसताना हे लोक तो फार वाढवून सांगतात, म्हणून सांगते.

संक्रांतीला आमच्याकडे चौदा जण जेवायला होते. फ्रिज भरलेला. म्हणून मी आदल्या संध्याकाळी बासुंदीचं पातेलं झाकण लावून मागच्या बागेत ठेवलं. जगातला सगळ्यात मोठा फ्रिज, फुकट. रात्रभर बर्फ पडला. सकाळी बागेत नुसते पांढरे उंचवटे. कुंडी कुठली, बादली कुठली आणि बासुंदी कुठली?

मंदार आणि कांबळे मदतीला लवकर आले होते. कांबळ्यांनी इराच्या उड्या मारायच्या दोऱ्या लावून बागेचे चौकोन पाडले. मंदार छत्रीच्या टोकाने एकेक चौकोन टोचत गेला. तासाभरात एक चेंडू, दोन विटा आणि अविनाशची ऑगस्टपासून हरवलेली चप्पल निघाली. बासुंदी नाही. मी रडायच्या बेतात. तीन लिटर दूध आटवलं होतं मी.

तेवढ्यात अविनाश कोथिंबीर घेऊन आला. "पातेलं? ते मी काल रात्रीच उचलून आत ठेवलं."

"का?"

"अगं, बाहेर केवढी थंडी होती."

* * *

आणि कुरण गोठलं. शाळेतून निरोप आला, शुक्रवारी सकाळी. इरा घरभर नाचली. अविनाशने अजूनही तिला काही सांगितलं नव्हतं.

बुधवारी तो मंदार आणि कांबळ्यांना घेऊन प्रॅक्टिसला गेला. मी रजा टाकून बघायला गेले, असलं काही चुकवायचं नसतं. चार-चार वर्षांची डच पोरं स्वयंपाकघरातली खुर्ची पुढे ढकलत तिच्या आधाराने घसरत होती. इथे असंच शिकतात. एका आजोबांनी अविनाशलाही खुर्ची देऊ केली. याला अपमान वाटला. मग तासभर तो काठावरचा खांब धरून उभा राहिला.

कांबळे मात्र थेट मधे जाऊन उभे राहिले आणि समजावू लागले. "हे बघा, घर्षण कमी का होतं, तर पृष्ठभागावर पाण्याचा एक अत्यंत पातळ थर असतो." मागून वारा होता. कांबळे पाय न हलवता, एक बोट वर करून, बोलत बोलत हळूहळू आमच्यापासून लांब चालले. त्यांना पत्ताच नाही. दाब, तापमान, रेणू, सगळं बारीक बारीक ऐकू येत गेलं. कुरणाच्या पार पलीकडच्या काठावरून शेवटचं वाक्य आलं.

"बाकीचं फोनवर सांगतो!"

* * *

शुक्रवारी बावीस मुलं, त्यांची युफ, म्हणजे इथल्या टीचरबाई, आणि सहा पालक. पाच पालक पाण्यातल्या माशांसारखे फिरत होते. सहावा बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. वीस मिनिटं बांधत होता.

मी, मंदार आणि कांबळे काठावर. माझ्या हातात चहाचा थर्मास, मंदारच्या हातात कॅमेरा. खरं सांगते, आदल्या रात्रीपर्यंत मी हसत होते, पण तिथे मला हसू येईना. इरा खुर्ची धरून बर्फावर उभी होती आणि बाकाकडे बघत होती. बाबांच्या वाटणीची सहा मुलं तिच्याभोवती थांबली होती. बाबा येणार आणि दाखवणार.

अविनाश उठला. एक पाऊल टाकलं. दुसरं त्याला टाकावं लागलं नाही, ते आपलं आपण गेलं. धाडकन पाठीवर. टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे.

सगळं कुरण थांबलं. इरा खुर्ची ढकलत त्याच्याजवळ गेली. वरून त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला काही म्हणजे काही कळलं नाही. मग ती मुलांकडे वळली आणि डचमध्ये खणखणीत आवाजात म्हणाली, "बघितलंत? पहिल्यांदा पडायला शिकायचं. माझे बाबा ते शिकवतात."

"अगदी बरोबर," युफ म्हणाली. "पहिला धडा तोच असतो."

सहाच्या सहा मुलं धपाधप आडवी झाली. अविनाश आकाशाकडे बघत क्षणभर पडून राहिला. मग त्याने चष्मा चाचपडून घातला, कसाबसा उठला आणि मोडक्या डचमध्ये म्हणाला, "हात आत. डोकं वर. पुन्हा एकदा." आणि पुन्हा पडला. या वेळी जरा ऐटीत.

अर्ध्या तासात स्केटिंग येणाऱ्या पालकांच्या वाटणीची मुलंही त्यांना सोडून इकडे पळाली. बावीस मुलं ओळीने उभी, अविनाशने तीन म्हटलं की सगळी खाली. मला रडू आलं. आणि मग असं हसू फुटलं की आवरेचना, पार कुरणाच्या पलीकडे ऐकू जाईल असं.

युफने वळून माझ्याकडे पाहिलं आणि इराला विचारलं, "तुझ्या आईला पण येतं का गं?"

"आईला?" इरा म्हणाली. "आईला तर बाबांपेक्षा छान येतं."

बावीस मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली. मी थर्मास कांबळ्यांच्या हातात दिला.