काकींची तांबडी आणि माझी धुरी

“अहो, ते गोणपाट काढा आधी! वाचवताय की मारताय तिला?”

बायको मागच्या पडवीतून अशी ओरडली, की मांडवीच्या जेटीवर माणसं उठून उभी राहिली असतील. मी शेगडीपुढे उकिडवा बसलेलो. हात वर करून म्हटलं, “गप्प बस. खोकला थांबलाय बघ.”

थांबला होता. पुढेमागे मी जे काही फुगवून सांगेन, त्यातलं एवढं तरी तंतोतंत खरं.

कोंबडी शेजारच्या काकींची. आदल्या वर्षी वाडीत कोंबड्यांची मर आली आणि आठवड्यात खुराडी रिकामी झाली. काकींची ही एक तांबडी तेवढी उरली. काका गेल्यापासून काकी बोलायच्या त्या हिच्याशीच. बोलायच्या म्हणजे भांडायच्या. लेकीने त्यांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला नेलं, तेव्हा काकांनी विणलेलं बांबूचं डालगं कोंबडीसकट माझ्या हातात देत म्हणाल्या, “मी आले नाही तरी हिला कापू नका रे.”

“काकी, तुम्ही याल तेव्हा ही दारात रांगोळी घालत असेल,” मी म्हटलं. मला गप्प बसता येत नाही, हा जुना रोग आहे.

चौथ्या दिवशी तांबडी शिंकली. मग मान ताणून, चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागली. डोळ्यांत फेस, नाकाला शेंबूड, आणि छातीत अशी घरघर, की जुन्या ट्रॉलरचं इंजिन तिने गिळलंय असं वाटावं. तिला पिशवीत घालून सरकारी गुरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. तिने पाण्यातून द्यायचं औषध लिहून दिलं आणि दोनदा बजावलं, “काका, पाच दिवस चुकवू नका. ओल नको, धूळ नको, धूर तर अजिबात नको. मोकळी हवा हवी.”

मी मान डोलावली. माझी मान डोलते फार छान.

काकींचा फोन रोज सकाळी यायचा. ऑपरेशन झालं की नाही, दुखतं का, स्वतःचं काही सांगायच्या नाहीत. “खाल्लंन का तिने?” एवढंच. मी म्हणायचो, “खाल्लं? काकी, कालचा भात संपवून ती आता माझ्या ताटाकडे बघते. गल्लीतला बोका तिला बघून रस्ता बदलतो!” पलीकडून काकी हसायच्या. मग हसता हसता खोकायच्या, आणि लेक फोन काढून घ्यायची.

औषधाच्या तिसऱ्या दिवशी तांबडीने खरोखरच चार दाणे टिपले. माझं खोटं खरं व्हायला लागलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं, हवा ओली झाली आणि घरघर परत सुरू झाली. आमच्या घरात सर्दी झालेलं एकही पोर धुरीशिवाय वाढलेलं नाही. नारळाच्या सोडणाचे निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, लसणीच्या साली. आईने आम्हा पाचही भावंडांना तशीच शेकली. कालची पोर ती डॉक्टरीण, मला काय शिकवणार? शेगडी पेटवली, तिच्याशेजारी डालगं ठेवलं, तांबडी आत सोडली आणि धूर वाया जाऊ नये म्हणून दोन्हींवर मिळून गोणपाट पांघरलं. आत ती जोरात खोकली. “सुटतोय बघ कफ,” मी बायकोला ओरडून सांगितलं. ती विहिरीवर होती. येईपर्यंत आत सगळं शांत झालं होतं.

गोणपाट तिनेच ओढलं. तांबडी एका कडेला, बांबूच्या फटीत चोच खुपसून पडली होती. जिथून हवा येईल तिथे.

बायकोने शेगडीत तांब्याभर पाणी ओतलं.

फणसाच्या बुंध्याशी मी तिला पुरली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. “खाल्लंन का?” मी म्हटलं, “काकी, आज फणसाखाली बसलीय. हलतच नाही.” तिसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. नंतर आठवेना काय काय सांगितलं ते.

काकी परत आल्या त्या निम्म्या होऊन. रिक्षातून उतरल्या आणि लेकीचा हात धरून थेट आमच्या मागीलदारी आल्या. मी मुंगसाची गोष्ट तयार ठेवली होती. वाघाएवढं मुंगूस, मी काठी घेऊन वाडीतली तीन आवाठं ओलांडून त्याच्या पाठी लागलो, अशी. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते सगळं खरं. डॉक्टरीण, शेगडी, गोणपाट, फटीतली चोच, फोनवरचा फणस. इतकं सरळ मी आयुष्यात बोललो नव्हतो.

काकींनी ऐकून घेतलं. छातीवरचा पदर सारखा केला.

“डालगं तेवढं धुऊन दे,” त्या म्हणाल्या.