गेटावरची फुली

बीदरच्या त्या वॉर्डात चाळिशीच्या आतला असा माणूस शोधूनही सापडला नसता, ज्याच्या दंडावर नाहीतर ढुंगणावर शोभाबाईची सुई शिरली नव्हती. एकतीस वर्षं ती सरकारी नर्स होती. तिनं टोचलेली पोरं मोठी झाली, मिशा फुटल्या, कुणी बँकेत साहेब झाला. पण बाजारात नर्सबाई समोरून दिसली की साहेबाचा हात अजून आपोआप कमरेमागं जायचा. अशा बाईला निवडणूक जड जाईल असं कुणाला वाटेल? तिला स्वतःला तर मुळीच वाटलं नव्हतं.

उभं राहायचं खूळ शिरलं ते नालीपायी. रिटायर व्हायच्या आधी तिनं आणि नवरा पिराजीनं सरकारी क्वार्टर सोडून शहराच्या कडेला, त्याच वॉर्डात, ग्रीन व्ह्यू लेआऊट नावाच्या नव्या वसाहतीत घर बांधलं होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातला हा प्रकार. हिरवं म्हणायला तिथं गाजरगवत तेवढं होतं. तरी आठ वर्षांत त्या माळावर साडेतीनशे घरं उठली. औरादकडचे मास्तर आले, हुमनाबादकडचे कंडक्टर आले, आळंदकडचे किराणावाले आले. बौद्धाच्या घराला लागून लिंगायताचं, त्याच्या पलीकडं मुसलमानाचं. आपसात पंगत जमायला कधी वेळ लागला असेल, पण सगळ्यांचं सांडपाणी पहिल्या दिवसापासून एक झालं आणि शोभाबाईच्या गेटापुढं मुक्कामाला राहिलं.

नगरसभेची नाली लेआऊटच्या तोंडापर्यंत आली होती आणि तिथंच थांबली होती. गेटाबाहेर पडायचं तर चार दगडांवरून पाय टाकत जावं लागे. तिसरा दगड डुगडुगायचा. पिराजी एकदा पांढरी विजार घालून लग्नाला निघाला आणि तिसऱ्या दगडावरूनच परत घरी आला.

शोभाबाई वॉर्डाच्या मेंबरकडं गेली. हणमंतराव तीनदा निवडून आलेला, गोड बोलणारा माणूस. त्यानं चहा पाजला, गुडघेदुखीची चौकशी केली आणि म्हणाला, "नाली देऊ की, नर्सबाई. पर एक सांगा, तुमच्या लेआऊटात मतं किती हाईत?"

"साडेतीनशे घरं हाईत, मेंबर."

"घरं न्हाई इच्यारायलो, अक्का. मतं इच्यारायलो."

असं म्हणून तो हसला. शोभाबाईला ते हसणं झोंबलं. हे वेगवेगळ्या जातीचे, वेगवेगळ्या गावचे लोक कधी एक व्हायचे नाहीत, असंच याला म्हणायचंय, असा तिनं अर्थ लावला. चार दगड ओलांडून ती घरी आली आणि चप्पलसुद्धा न काढता म्हणाली, "म्या उभारणार हाय."

पिराजी पाटबंधारे खात्यात वॉचमन होता. आयुष्यभर पाण्यावर लक्ष ठेवायचं आणि तोंड उघडायचं नाही, हीच त्याची नोकरी. तो शेंगा फोडत होता. "उभार की," तो म्हणाला आणि पुढची शेंग फोडली. त्याला आणखी एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायची वेळही तीच होती. पण त्यानं शेंगदाणा तोंडात टाकला.

प्रचार तिनं तिच्या पद्धतीनं केला. दुसरी कुठली पद्धत तिला येतही नव्हती. पल्स पोलिओला नर्स जशी गल्ली पिंजून काढते आणि दारादारावर खडूनं खूण करते, तशी ती निघाली. बरोबर भाचा राजपाल. त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, त्यामुळं पत्रकं फुकट निघत आणि तो स्वतःला प्रचारप्रमुख म्हणवून घेई. मत देतो म्हटलेल्या घराच्या गेटावर बरोबरची खूण, का-कू करणाऱ्या घरावर फुली. चिन्ह मिळालं शिलाई मशीन. दोन बायकांनी ब्लाऊजची शिलाई विचारली, एकीनं तर कापडही आणून दिलं. बाकी प्रचार झकास चालला होता. कुणी नाही म्हणेचना. शेजारची बसव्वा मादन हिप्परगा गावची, किराणा दुकानवाल्याची बायको. तिनं शोभाबाईच्या हातात नारळ ठेवून सांगितलं, "शोभाक्का, बसवण्णाची आण घेऊन सांगायले, तुमालाच." साडेतीनशेपैकी तीनशे बारा गेटांवर बरोबरच्या खुणा झाल्या. शोभाबाई झोपेतही त्या खुणा मोजू लागली. हणमंतरावाला आता त्याच्या दारात जाऊन मतांचा आकडा सांगायचा, हे वाक्य तिनं पाठ करून ठेवलं होतं.

निवडणुकीला आठ दिवस उरले असताना राजपाल मतदार यादी छापून घेऊन आला. घरात आला पण बसला नाही.

"आत्या, आपल्या लेआऊटात मतं चौसष्ट हाईत."

"पान राहिलं असंल छापायचं."

"न्हाई. तीनदा बगितलो."

शोभाबाईनं चष्मा लावला आणि यादीवर बोट फिरवलं. औरादचे मास्तर नव्हते. कंडक्टर नव्हते. बसव्वा नव्हती, तिचा नवराही नव्हता. ती तशीच उठली, यादी हातात घेऊन शेजारच्या गेटात उभी राहिली.

"बसव्वा, तुझं नाव न्हाई की यादीत."

"कसं असंल? मत हिप्परग्यात हाय की आमचं," बसव्वा ताक घुसळता घुसळता म्हणाली. "दीर पंचायतीला उभारायलाय. घरचीच मतं न्हाई पडली तर त्याची आब्रू काय ऱ्हायली?"

"आन मला आण घेऊन सांगितलीस ती?"

"तुमी कुणाला देणार म्हणून इच्यारलाव. हाय का म्हणून कुठं इच्यारलाव, अक्का? असतं तर तुमालाच दिले असते. बसवण्णाची आण हाय."

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. त्या दिवशी शोभाबाई बावीस घरं फिरली, प्रत्येक घरात तोच जबाब. मत गावाकडं. कुणाचा भाऊ उभा, कुणाच्या चुलत्याचं पॅनल, कुणाला वाटे की नाव काढलं तर शेतावरचा हक्क जातो. राहायला बीदर, नळाची बोंब बीदरला, नालीच्या नावानं शिव्या बीदरच्या मेंबरला. आणि मत द्यायचा दिवस आला की सगळा लेआऊट कुलूप लावून गाडीत बसतो. हणमंतरावाला हे ठाऊक होतं. तो अपमान करत नव्हता, बिचारा साधा हिशोब विचारत होता. यादीत नवं नाव चढवायची मुदत केव्हाच टळली होती.

शोभाबाईला लाज वाटली. पोलिओच्या फेरीला निघालेली नवखी पोरगीसुद्धा दारात उभी राहून आधी विचारते, पाच वर्षांच्या आतलं मूल आहे का? एकतीस वर्षांची नर्स पहिलाच प्रश्न विसरली होती.

संध्याकाळी ती घरी आली, आणि तेव्हा कुठं तिला सुचलं. यादीत तिच्या घराच्या नंबरावर एकच नाव होतं. तिचं.

"तुमचं मत कुठाय?" तिनं विचारलं.

पिराजीनं टीव्हीचा आवाज वाढवला. तिनं टीव्हीच बंद केला.

"निर्ण्यात," तो म्हणाला.

मग तिच्या डोक्यात एकेक दिवा लागला. दर पाच वर्षांनी पिराजी शेत बघायला म्हणून निर्ण्याला, आपल्या गावी जाई. शेत अर्धा एकर, त्यात बघण्यासारखं बाभळीचं एक झाड. परत यायचा तेव्हा मिशांना मटणाच्या रश्शाचा वास असायचा.

"माज्या घरातलं मत मला न्हाई," शोभाबाई म्हणाली. "आन म्या गावभर खडू घेऊन फिरायले. त्या दिवशी तोंड कामून उघडलं न्हाई?"

पिराजीनं रिमोट खाली ठेवला. मग जे बोलला ते तिनं लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं. "निर्ण्यातल्या हाटेलात माज्या बापाची कपबशी येगळी होती. भाईर भिंतीच्या खबदाडात ठिवायची, आपली आपण धुवायची. गौडाच्या, गावच्या पाटलाच्या, दारापुढनं जाताना चप्पल हातात घ्यायचा बाप. आता त्याच गौडाचा नातू, मंजुनाथ, गाडी घेऊन हितं येतो. माज्या दारात उभारून हात जोडतो. पिराजीकाका म्हणतो. पाच वर्षाला एकदा, पर जोडतो की. ते नाव कसं काढू म्या?"

शोभाबाईच्या जिभेवर आलेली शिवी परत गेली. रागही होता, गलबलूनही आलं होतं, आणि दोन्ही एकदम सांभाळता येईनात, म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापायला लागली. त्या भाकऱ्या जरा जाडच झाल्या.

तरी तिनं प्रचार सोडला नाही. वॉर्डातल्या जुन्या गल्ल्यांनी नर्सबाईला नमस्कार घातले आणि मतं नेहमीसारखी हणमंतरावाला घातली; तिला मोजून एकाहत्तर पडली, अनामत गेली. हणमंतराव चौथ्यांदा निवडून आला. सत्काराचा हार गळ्यात घालूनच तो तिच्या घरी आला, तिसरा दगड नेमका चुकवून. "एकाहत्तर म्हणजे लई पडली, नर्सबाई," तो म्हणाला. "म्या चाळीस धरलो होतो."

लोकांना वाटलं, बाई आता गप्प बसेल. पण नर्सला एक सवय असते: फेरी संपली की सुटलेल्या घरांची दुसरी फेरी. निकालाच्या आठव्या दिवशी ती परत खडू घेऊन निघाली. या वेळी पिशवीत पत्ता बदलायचे फॉर्म होते, आणि राजपालच्या दुकानात आधार कार्डाची झेरॉक्स फुकट. सगळ्या गेटांवरच्या जुन्या खुणा तिनं ओल्या फडक्यानं पुसल्या. गेटाबाहेर उभं राहून आता एकच विचारायचं, "घरात मतं किती?" फॉर्म भरला तर बरोबर, नाही भरला तर फुली. बसव्वाचा दीर मधल्या काळात पॅनलवाल्यांशी भांडून घरी बसला. तिनं फॉर्म भरला आणि आण वगैरे काही घेतली नाही. सात महिन्यांत दोनशे एकोणीस घरं झाली.

स्वतःच्या गेटावर शोभाबाईनं ठसठशीत फुली मारली. पिराजी ती सकाळी पुसायचा. ती दुपारी परत मारायची. त्याचा फॉर्म टीव्हीखाली पडून होता आणि त्यावर चहाचा एक गोल डाग पडला होता.

मग निर्ण्याच्या पंचायतीची निवडणूक लागली आणि पांढरी गाडी आली. मंजुनाथ दगडांवरून पाय जपत जपत आला, व्हरांड्यात उभा राहिला, हात जोडले. "पिराजीकाका, येणार नव्हं? गाडी पाठवतो."

शोभाबाईनं दोन कप चहा आणून ठेवला आणि दारात थांबली. पिराजीनं त्या जोडलेल्या हातांकडं बघितलं. अगदी नीट बघितलं, पाण्याची पातळी बघायचा तसं. मग म्हणाला, "मंजुनाथ, माजं नाव आता निर्ण्यात न्हाई. बीदरला आणलो."

हे खोटं होतं. शोभाबाईनं पदर तोंडाला लावला.

"असं व्हय," मंजुनाथ म्हणाला. त्याचे हात सुटले. एक खिशात किल्ली शोधायला लागला, दुसऱ्यानं त्यानं मोबाईल काढला. "मागच्या गल्लीत निर्ण्याचं आणखी एक घर हाय म्हणं. कुठल्या नंबरला?"

"चहा तर घे."

"न्हाई, घाई हाय."

काका हा शब्दही तो बरोबर घेऊन गेला. गाडी वळताना चाकाखालचं पाणी गेटावर उडालं. पिराजी खुर्चीतच बसून राहिला. त्यानं आपला कप संपवला, मग मंजुनाथचाही संपवला. शोभाबाईला वाटलं, जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. पण तसली सवय दोघांनाही नव्हती.

"बापापुढं जोडायलाय असं वाटायचं मला," तो शेवटी म्हणाला. "यादीपुढं जोडायला होता."

त्यानं टीव्हीखालचा फॉर्म काढला, मांडीवर ठेवून सही केली, डागाच्या बाजूनं. शोभाबाईनं फॉर्म घेण्यासाठी हात पुढं केला, तर त्यानं तो मागं ओढला.

"असं न्हाई. सगळ्यांच्या दारात जातीस तसं माज्या दारात ये."

"आवो, काय पोरखेळ लावलाव."

"ये म्हणलो."

शोभाबाई पिशवी आणि खडू घेऊन बाहेर गेली. दगड संपेपर्यंत गेली, वळली, चारही दगडांवरून परत आली, तिसऱ्यावर डुगडुगली. बसव्वा गच्चीवरून बघत होती. गेटाबाहेर उभं राहून शोभाबाईनं हात जोडले आणि विचारलं, "घरात मतं किती?"

पिराजी खुर्चीतून उठला, गेटापर्यंत आला, ओल्या फुलीवर तळहात फिरवून ती पुसली आणि म्हणाला, "दोन."